एका नळीचं देणं

आमच्या मुळशीत भाताची लावणी सावडीनं होते. आज तुमच्या खाचरात आम्ही राबायचं, परवा आमच्या खाचरात तुम्ही. कुणी वही ठेवत नाही, पण कुणाचं कुणाकडे किती राहिलं हे सगळ्या वस्तीला ठाऊक असतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते फिटतंही. २०१८ साली माझ्यावर जे देणं चढलं, ते असं फिटण्यातलं नाही. त्यातली काही माणसं मला पुन्हा भेटलीच नाहीत. काही तर माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, परमुलखात जगून गेली. त्या सगळ्यांची एकदा नीट नोंद व्हावी, म्हणून हे लिहिते आहे.

मी अंगणवाडी सेविका आहे. ताम्हिणी घाटाच्या अलीकडे, मुळशी धरणाच्या पाण्याला लागून आमची वस्ती. सासरचं मूळ गाव त्याच पाण्याखाली गेलं. सेनापती बापटांनी १९२१ साली ज्या गावांसाठी सत्याग्रह उभा केला, त्यांपैकी ते एक. आता वरच्या अंगाला थोडी खाचरं आहेत, त्यात आंबेमोहर होतो.

तिशी ओलांडल्यावर माझ्या पोटात वरच्या बाजूला, उजव्या फासळ्यांखाली दुखायला लागलं. कळ पाठीत जायची, उलट्या व्हायच्या आणि मग आपोआप थांबायचं. उपाशी राहतेस, चहा फार पितेस, असं सगळे म्हणायचे. पुढे एका दवाखान्यात तपासणी झाली, पित्ताशयात खडे निघाले आणि पित्ताशय काढून टाकलं. आता सुटलात, असं तिथं सांगितलं. काही काळ बरा गेला. मग त्याच जागी तीच कळ पुन्हा उठली आणि या वेळी सोबत हुडहुडी भरून ताप आला. डोळे पिवळे झाले. लघवी गडद व्हायला लागली, शौचाचा रंग उतरला, रात्री अंगाला इतकी खाज सुटायची की झोप लागत नसे. गंमत अशी वाटायची की आठवड्याभरात डोळे पुन्हा पांढरे दिसायचे. घरच्यांना हायसं व्हायचं आणि तोवर दुसरा झटका यायचा.

सासूबाई मला शेजारच्या गावात काविळीची माळ देणाऱ्या बाबांकडे घेऊन गेल्या. वनस्पतीच्या काड्यांच्या तुकड्यांची ती माळ डोक्यावर ठेवतात. जसजशी ती सैल होऊन गळ्यात, मग खाली उतरते, तसतशी कावीळ उतरते अशी श्रद्धा. बाबांनी माळ हातात घेतली, पण घातली नाही. माझी पापणी खाली ओढून पाहिली. ताप येतो का, थंडी वाजते का, मागं असं कधी झालं होतं का, असं विचारत राहिले. मग सासूबाईंना म्हणाले, “चढती-उतरती कावीळ माझ्या हातची न्हाई, बाई. थंडी भरतीया हिला. आजच पौडला ने. माळंच्या नादाला लागू नको.”

माझ्या देण्याच्या यादीत पहिलं नाव या बाबांचं आहे. साध्या विषाणूजन्य काविळीचे बहुतेक रोगी विश्रांतीनं आपोआप बरे होतात. त्यावर माळेचा लौकिक टिकून असतो. आपल्या विद्येची हद्द कुठे संपते हे ज्याला कळतं आणि जो ते आल्या माणसाला तोंडावर सांगतो, तो माणूस मोठा. त्यांनी माळ घातली असती तर आम्ही ती उतरायची वाट पाहत बसलो असतो आणि तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता.

त्याच संध्याकाळी वडापच्या जीपवाल्या दादांनी मधे कुठलीही सीट न भरता आम्हाला पौडला पोचवलं. भाड्याचं नाव काढलं नाही. पौडच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्या: दुखतं का, थंडीताप आहे का, डोळे पिवळे कधीपासून. तिन्हींना होकार मिळाल्यावर ते उठलेच. हे तिन्ही एकत्र आले की पित्ताच्या नळीत जंतूंचा संसर्ग झाला असं धरून चालायचं आणि त्याला उद्यावर ढकलायचं नाही, असं त्यांनी ह्यांना सांगितलं. सलाइन लावलं, अँटिबायोटिक सुरू केलं आणि पिरंगुटच्या सोनोग्राफीवाल्या मॅडमना स्वतः फोन केला.

त्या मॅडमची खोली अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. बाहेर बाकावर बायकांची रांग, आत अंधार, पोटावर थंडगार जेल. श्वास भरून धरा, सोडा, डाव्या कुशीवर व्हा, पुन्हा श्वास धरा. एकदा पाहून झाल्यावर मदतनीस बाईंनी पुसायला कागद पुढे केला, तर मॅडम म्हणाल्या, “थांबा, मला परत बघू द्या.” पडद्यावर त्यांनी दोन खुणा टाकल्या, अंतर मोजलं, खोडलं, परत मोजलं. मग म्हणाल्या, “पित्ताची मुख्य नळी साधारण सहा-सात मिलिमीटर असते. पित्ताशय काढलेल्यांची थोडी जास्त चालते. तुमची २४ आहे. खडा अडकला असता तर समजलं असतं. मला खडा दिसत नाही.”

त्यांनी जुने कागद मागितले. ह्यांनी सगळे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणले होते. मॅडमनी एकेक उलगडला. पित्ताशय काढण्याआधीच्या सोनोग्राफीत शेवटून दुसरी ओळ होती: नळी रुंद दिसते. त्या ओळीखाली त्यांनी पेनानं रेघ ओढली. कुणाला दूषण दिलं नाही. एवढंच म्हणाल्या, “ही नळी खड्यांमुळे रुंद झालेली नसावी. ती जन्मापासूनच अशी असू शकते. एमआरसीपी करून घ्या. मी डॉक्टरांशी बोलते.” बाहेर रांग ताटकळत होती. सोपं उत्तर लिहून मला उठवणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं, म्हणून मी आज आहे.

पुढचं सगळं पुण्यात, ससूनमध्ये झालं. ताप आटोक्यात आल्यावर एमआरसीपी झाली. ही एमआरआयचीच एक तपासणी. यात क्ष-किरण नाहीत, पोटात नळी घालावी लागत नाही. शरीरातलं साठलेलं पाणी आणि पित्त तेवढं पांढरं उजळतं, बाकी सगळं काळं राहतं. आधी मला उपाशी ठेवलं आणि मग तंत्रज्ञ दादांनी अननसाचा रस प्यायला दिला. त्या रसात मँगनीज असतं, त्यामुळे जठरातलं पाणी चित्रात उजळत नाही आणि मागची नळी स्वच्छ दिसते, हे त्यांनी मी विचारल्यावर समजावून सांगितलं. मशीनच्या ठकठकाटात मध्येच त्यांचा आवाज यायचा, “ताई, श्वास सोडा, धरून ठेवा, छान.” एवढ्या आधारावर मी त्या बोगद्यात पडून राहिले.

रिपोर्ट आल्यावर वॉर्डातले तरुण निवासी डॉक्टर माझ्या खाटेपाशी स्टूल ओढून बसले. रात्रभर जागून डोळे लाल झालेले. केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी लिव्हर काढलं, त्यातून निघणाऱ्या दोन नळ्या, त्या जुळून झालेली एक मुख्य नळी, शेजारी स्वादुपिंड आणि त्याची नळी. या दोन नळ्या लहान आतड्याच्या भिंतीत शिरता शिरता एकमेकींना मिळतात आणि तिथल्या स्नायूच्या कडीमुळे एकीतला रस दुसरीत जात नाही. माझ्या बाबतीत जन्मतःच त्या भिंतीच्या बरंच अलीकडे, कडीच्या ताब्याबाहेर मिळाल्या होत्या. त्यामुळे स्वादुपिंडाचा पाचक रस वर्षानुवर्षं उलटा पित्ताच्या नळीत चढत राहिला आणि तिची भिंत खात राहिला.

“तुम्ही कुठल्या?” त्यांनी विचारलं. मुळशी धरणाकाठची, असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, “मग तुम्हाला फुगवटा सांगायला नको. पाणी मागं चढलं की वरचं पात्र रुंद होतं, तसं तुमच्या नळीचं झालंय.” मी मान डोलावली. आमच्या दारातलं पाणी मी रोज बघते. माझ्या पोटात काय चाललंय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

या विकाराला डॉक्टर कोलेडोकल सिस्ट म्हणतात. बहुतेकांना तो लहानपणीच कळतो. साधारण पाचातल्या एकाला मोठेपणी. पुरुषांपेक्षा बायकांत तीन-चार पट जास्त. जपान आणि आपल्या आशिया खंडात तो जास्त आढळतो, पाश्चात्त्य देशांत लाख-दीड लाख जन्मांमागे एखादा. लहान मुलांत पोटात गोळा लागतो, कावीळ होते, दुखतं. मोठ्या माणसांत गोळा सहसा लागत नाही. नुसतं दुखतं, खडे होतात, स्वादुपिंडाला सूज येते, ताप येतो. म्हणून खड्यांवर बोट ठेवून गोष्ट तिथंच थांबते आणि नळी मागं राहून जाते.

मग त्यांनी अवघड गोष्ट सांगितली. ही फुगलेली नळी तशीच ठेवली तर तिच्या अस्तरात कर्करोग होण्याचा धोका असतो आणि तो वयाबरोबर वाढतो. दहा वर्षांखालच्या मुलांत तो एक टक्क्याच्या आत, विशी ओलांडल्यावर दहा टक्क्यांच्या वर, असं जुन्या नोंदी सांगतात. म्हणून नळी नुसती मोकळी करून चालत नाही, अख्खी काढावी लागते. लिव्हरच्या दारापर्यंतची नळी काढायची आणि लहान आतड्याचा एक पदर वर आणून थेट तिथं शिवायचा. मी विचारलं, “हे तुम्हाला कसं कळलं, की काढायलाच हवी?” ते म्हणाले, “ज्यांची काढली नाही, त्यांच्यामुळे.”

त्या एका वाक्यानं माझी यादी लांबच लांब झाली. बरी झाल्यावर मी विचारत राहिले, वाचत राहिले. १७२३ मध्ये जर्मनीतल्या आब्राहम फाटर यांनी अशा फुगलेल्या नळीची नोंद केली. १८५२ मध्ये एडिंबरोच्या डग्लस यांनी एका रोग्याची हकीकत छापली. ती सतरा वर्षांची मुलगी होती. कावीळ, ताप, उजव्या अंगाला दुखणारा गोळा. बाहेरून छिद्र पाडून तिचं पित्त काढलं गेलं आणि ती गेली. तिचं नाव मला कुठे सापडलं नाही. तिला जे होत होतं तेच मला होत होतं. मधे दीडशेहून अधिक वर्षं गेली म्हणून तिचा शेवट माझ्या वाट्याला आला नाही.

त्यानंतर कित्येक दशकं शल्यविशारद फुगलेली नळी आत तशीच ठेवून तिला आतड्याशी जोडून देत. शस्त्रक्रिया सोपी होती, रोगी चालत घरी जात. पण त्यांच्या त्या नळीत पुन्हा पुन्हा संसर्ग झाला, खडे झाले, काहींना पुढे कर्करोग झाला. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बॅबिट यांनी पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांच्या त्या जन्मजात चुकीच्या जोडाची मीमांसा मांडली, १९७७ मध्ये जपानच्या ताकुजी तोदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे पाच प्रकार पाडले आणि आजही जगभरचे डॉक्टर त्याच क्रमांकांनी बोलतात. माझा पहिला प्रकार. आतड्याचा पदर वर आणून जोडण्याची जी युक्ती माझ्या पोटात आहे, ती स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सेझार रू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जठराच्या रोग्यांसाठी रूढ केलेली. या विद्वानांची नावं पुस्तकांत आहेत. पण त्यांना शहाणं केलं ते अर्धवट बऱ्या झालेल्या, परत परत दुखणं सोसलेल्या रोग्यांनी, आणि त्यांची नावं कुठेच नाहीत. त्यांच्या हालांतून जे उमगलं, ते मला एका दुपारी केसपेपरच्या पाठीवर फुकट मिळालं.

ससूनची जुनी इमारतही कुणाच्या तरी देण्यातूनच उभी आहे. बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी देणगी दिली आणि १८६७ मध्ये हे रुग्णालय सुरू झालं. येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया १२ जानेवारी १९२४ च्या रात्री इथंच कर्नल मॅडॉक यांनी केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी झाली. वॉर्डातल्या सिस्टरनी माझ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मला हे सांगितलं, ते धीर देण्यासाठीच. “कंदिलावर झालं, तुमचं तर एवढ्या दिव्यांखाली होणार आहे,” असं म्हणत त्यांनी व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं. काविळीत रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून ते आधी द्यावं लागतं.

आमचं केशरी रेशन कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद आरोग्यमित्र दादांनी उभं राहून करून दिले, नाहीतर ह्यांनी खाचर गहाण टाकायची तयारी केलीच होती. रक्त द्यायला आमच्या वस्तीतली पोरं आली, आणि त्यांच्यासोबत एक अनोळखी कॉलेजचा मुलगा रक्त देऊन निघून गेला.

सकाळी आत नेलं, बाहेर आणलं तेव्हा दुपार कलली होती. मोठ्या सरांना मी शस्त्रक्रियेआधी फार तर पाच मिनिटं पाहिलं असेल. लिव्हरच्या दाराशी, जिथं मोठ्या रक्तवाहिन्या खेटून असतात, तिथं वर्षानुवर्षं सुजून चिकटलेली नळी एकेक पडदा सोडवत त्यांनी काढली. त्याआधी एकदा पोट उघडलेलं, म्हणून काम अधिकच किचकट. हे सगळं मला नंतर त्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं. सर स्वतः फक्त म्हणाले, “नळी सगळी निघाली. आता जेवा आणि चाला.”

त्यानंतरच्या एका रात्री पोटातून काढलेल्या ड्रेनच्या पिशवीत हिरवट पित्त उतरायला लागलं. जोडातून थोडं झिरपत होतं. रात्रपाळीच्या सिस्टर दर थोड्या वेळानं बॅटरी घेऊन यायच्या, पिशवीवरच्या रेघा वाचायच्या, वहीत लिहायच्या, माझ्या कपाळाला हात लावून बघायच्या. पहाटे त्यांनी मला उठवून बसवलं आणि तीन चेंडूंचं ते फुंकणीचं यंत्र हातात दिलं. टाके ओढत होते, मी रडकुंडीला आले. त्या म्हणाल्या, “फुप्फुसात कफ साठला तर तुमच्या सरांची सगळी मेहनत वाया. ओढा श्वास. एक चेंडू वर गेला की मी जाते.” एक चेंडू वर गेला, तशा दुसरा जाईपर्यंत थांबल्या. झिरपणं हळूहळू आपोआप थांबलं. काढलेल्या नळीचा तपासणी अहवाल यायचा होता, त्या काळात सासूबाईंनी नवस केले, मी खिडकीबाहेर बघत राहिले. अहवाल आला: कर्करोग नाही. पण अस्तर बदलायला सुरुवात झाली होती. आणखी काही वर्षं गेली असती तर काय, हे सरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

घरी आले तेव्हा आमची खाचरं लावून झाली होती. वस्तीनं सावडीत आमची पाळी आधी घेतली होती आणि माझ्या जाऊबाईंनी स्वतःच्या घरचं, माझ्या घरचं, माझ्या लेकीच्या शाळेचं असं सगळं एकटीनं ओढलं होतं. आंबेमोहराच्या कण्यांची पातळ पेज त्या रोज करून पुढे ठेवायच्या आणि संपेपर्यंत समोरून उठायच्या नाहीत. वस्तीचे हात मी पुढच्या वर्षी फेडले. जाऊबाईंचं फेडता येणार नाही, ते त्यांनाही नको आहे.

एडिंबरोच्या त्या मुलीचं, नळी आत ठेवलेल्या त्या रोग्यांचं, पिरंगुटच्या त्या दुसऱ्या नजरेचं देणं मागं फेडता येत नाही, पुढच्या माणसालाच द्यावं लागतं, एवढं मला समजलं आहे. म्हणून अंगणवाडीत बाळंतिणी बाळ घेऊन वजनाला येतात तेव्हा मी एक प्रश्न न चुकता विचारते: बाळाच्या शीचा रंग कसा आहे? पिवळी किंवा हिरवी असेल तर ठीक. पांढरट, मातकट असेल आणि दोन आठवडे उलटूनही बाळाचे डोळे पिवळे असतील, तर मी त्याच दिवशी आशाताईंना सोबत देऊन पौडला धाडते. बाळांच्या पित्तनळ्याच बंद असण्याचाही एक विकार असतो. जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये त्यावरची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि ती बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत झाली तर सगळ्यांत चांगली लागू पडते. त्यात वाट पाहायला जागा नाही.

मला आता कावीळ नाही. तरी दर वर्षी रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी मी करते आणि आयुष्यभर करत राहणार, कारण आतला जोड अरुंद होऊ शकतो आणि उरलेल्या टोकांत धोका थोडा का होईना शिल्लक राहतो. थंडीताप आला तर घरी थांबायचं नाही, हे माझ्या लेकीलाही पाठ आहे.

वाचणाऱ्याला माझं एवढंच मागणं आहे. पित्ताशय काढल्यावरही तीच कळ परत येत असेल, कावीळ चढत-उतरत असेल, तिच्यासोबत हुडहुडी भरत असेल किंवा स्वादुपिंडाला वारंवार सूज येत असेल, तर जुने सगळे रिपोर्ट सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना सरळ विचारा: माझी पित्ताची नळी किती मिलिमीटर आहे, आणि ती तेवढी का आहे? हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.